नऊ हजार आरपीएमचा आनंद आणि त्याची किंमत: माझदा आरएक्स-८चे रोटरी इंजिन

माझदा हे नाव गोव्यातील बहुतेकांना शाळेच्या मिनीबसमुळे किंवा छोट्या मालवाहू ट्रकमुळे ठाऊक झाले. स्वराज माझदा या नावाने पंजाबात तयार होणारी ती वाहने डिझेलवर चालत आणि त्यांच्या इंजिनात इतर कोणत्याही ट्रकप्रमाणे पिस्टनच असत. ज्या एका वेगळेपणासाठी ही जपानी कंपनी जगभर ओळखली जाते, ते रोटरी इंजिन मात्र आपल्या रस्त्यांवर जवळजवळ दिसतच नाही, कारण माझदाच्या मोटारी भारतात विक्रीला नाहीत. इंग्लंडमधील स्विंडन शहरात परिस्थिती निराळी आहे. तिथे गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे, आणि वापरलेल्या मोटारींच्या तिथल्या बाजारात आरएक्स-८ ही चार आसनांची स्पोर्ट्स मोटार तिच्या रूपाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्तात मिळते. माझ्या भाच्याने अशीच एक घेतली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला गेलो असताना ती मला शहरात, महामार्गावर आणि वेल्समधील डोंगराळ रस्त्यांवर चालवायला मिळाली, आणि परत आल्यावर फोंड्यातील एका अनुभवी मेस्त्रीशी त्या इंजिनाबद्दल पुष्कळ बोलणे झाले. पुढील परीक्षण या दोहोंवर आधारलेले आहे.

मत सुरुवातीलाच सांगतो. हे इंजिन टाकाऊ आहे असे म्हणणारे आणि त्याला तोड नाही असे म्हणणारे, दोघेही एकाच वस्तुस्थितीकडे बोट दाखवत असतात. त्याचे गुण ज्या आकारातून येतात त्याच आकारातून त्याचे दोष येतात; एक ठेवून दुसरे काढून टाकण्याचे प्रयत्न साठ वर्षे चालले आणि ते अंशतःच यशस्वी झाले. म्हणून ते चांगले की वाईट यापेक्षा ते कोणत्या वापराला मानवते, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. गोव्यातील रोजचा वापर त्याला मुळीच मानवणारा नाही, असे माझे मत झाले आहे.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि कनेक्टिंग रॉड व क्रँकशाफ्ट त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतात. रोटरी इंजिनात हा फेरफार करावाच लागत नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, कमरेला किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत, केंद्रापासून थोडा बाजूला सरकत फिरतो. त्याची तीन टोके पोकळीच्या भिंतीला सतत टेकलेली असतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात आणि फिरताना ते आळीपाळीने मोठे व लहान होत जातात. इंधनमिश्रण आत येणे, दाबले जाणे, पेटणे आणि धूर बाहेर जाणे या चार क्रिया पोकळीच्या चार निरनिराळ्या भागांत घडतात. मिश्रणाला आत घेण्यासाठी व धुराला बाहेर सोडण्यासाठी भिंतीत नुसती भोके असतात. ती झाकण्याचे आणि उघडण्याचे काम रोटर स्वतःच करतो. त्यामुळे व्हॉल्व्ह नाहीत, त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. आरएक्स-८मध्ये असे दोन रोटर आहेत, आणि ते दोन व मधला शाफ्ट एवढेच या इंजिनाचे मुख्य फिरते भाग.

रोटरची एक फेरी पूर्ण होते तेव्हा शाफ्टच्या तीन झालेल्या असतात. म्हणजे आरपीएमचा (शाफ्टच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा नऊ हजारांवर असतो तेव्हा प्रत्यक्ष रोटर मिनिटाला तीनच हजार वेळा फिरत असतो. नेहमीच्या इंजिनातला पिस्टन त्याच नऊ हजारांवर सेकंदाला ३०० वेळा थांबून दिशा बदलतो, आणि त्या थांबण्या-सुटण्याचे सगळे धक्के बेअरिंगांना व शेवटी गाडीत बसलेल्यांना सोसावे लागतात. रोटर कधी थांबत नाही आणि उलटा फिरत नाही. शिवाय ज्वलनातून मिळणारा एक रेटा पिस्टनच्या बाबतीत शाफ्टच्या अर्ध्या फेरीपुरता, तर रोटरच्या बाबतीत पाऊण फेरीपर्यंत टिकतो, त्यामुळे दोन रोटरांचे रेटे एकमेकांत मिसळून जातात.

कागदावरचे हे गणित आरएक्स-८च्या आसनावर बसल्यावर शरीराला कळते. चार हजारांपर्यंत गाडी विशेष काही सांगत नाही. सहा हजारांच्या पुढे मात्र एरवी ज्या ठिकाणी इंजिन ओरडू लागते आणि आपण गियर बदलतो, त्या ठिकाणी हे इंजिन नुकते मोकळे झाल्यासारखे वाटते. स्टिअरिंगला थरथर नाही, पायाखाली कंप नाही, आवाज चढत जातो पण कर्कश होत नाही. काटा लाल रेषेजवळ गेला की डॅशबोर्डमधून बारीक शीळ वाजते. ही सोय माझदाने मुद्दाम दिली आहे, कारण आवाजावरून किंवा थरथरीवरून चालकाला मर्यादेचा अंदाज येत नाही. इंजिनाने दमल्याची कोणतीही खूण न दिल्यामुळे त्याला थांबवण्यासाठी शीळ बसवावी लागावी, यापेक्षा त्याच्या सुरळीतपणाचे मोठे प्रमाणपत्र मला सुचत नाही.

दुसरा लाभ आकाराचा. प्रत्येक रोटरची जाडी ८० मिलिमीटर आणि प्रत्येक कप्प्याचे कमाल आकारमान ६५४ घनसेंटिमीटर आहे, म्हणून दोन रोटर धरून इंजिन १३०८ सीसीचे मानले जाते. एवढ्या लहान आणि हलक्या इंजिनातून टर्बोशिवाय २३१ अश्वशक्ती मिळते. या सीसीच्या आकड्यावर जगभर वाद आहेत. शाफ्टच्या दोन फेऱ्यांत हे इंजिन २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाइतके मिश्रण ओढते, आणि जपानच्या करआकारणीतही ते दीडपट धरले जाते. तेव्हा १.३ लिटरच्या हॅचबॅकशी त्याची तुलना करून टाळ्या वाजवणे योग्य नाही. जागेचा लाभ मात्र निर्विवाद आहे. इंजिन इतके आखूड असल्यामुळे ते पुढच्या चाकांच्या अक्षाच्या मागे, केबिनला चिकटून बसवता आले आहे आणि गाडीचे वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे विभागले गेले आहे. वेल्सच्या वळणांवर ही गाडी ज्या निश्चिंतपणे वळते ते पाहून मला साखळी-केरीवरून वर जाणारा चोर्ला घाट आठवत राहिला. मागच्या बाजूला उघडणारी दोन छोटी दारे आणि मधल्या खांबाचा अभाव यांमुळे मागे दोन मोठी माणसे बऱ्यापैकी बसू शकतात, हे स्पोर्ट्स मोटारीच्या मानाने कौतुकास्पद आहे. वजनाच्या मानाने मिळणारी शक्ती हाच गुण लहान विमानांनाही हवा असतो. आपल्याकडे ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे स्वदेशी रोटरी इंजिन बनवण्यात आले, २००९ साली ते उडवले गेले, आणि त्याच्या निर्मितीत अहमदनगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचा वाटा होता, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी माहीत नसते.

चोर्ला घाटाची आठवण पुढे नेली तर पहिला दोष समोर येतो. आरएक्स-८चा कमाल टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा पिळाचा जोर, २११ न्यूटन-मीटर आहे आणि तो ५५०० आरपीएमला मिळतो. आपल्याकडची दीड लिटरची डिझेल क्रेटा २५० न्यूटन-मीटर देते, तेही १५०० आरपीएमपासून. चार माणसे व सामान घेऊन घाट चढताना क्रेटाचा चालक तिसऱ्या गियरमध्ये गप्पा मारत जाईल. आरएक्स-८चा चालक समोर ट्रक आला की दुसऱ्यात, प्रसंगी पहिल्यात उतरून काटा वर नेल्याशिवाय पुढे सरकणार नाही. एकट्याने मजेसाठी चालवताना हे आवडते. पाठीमागे आईवडील बसलेले असताना आवडत नाही.

इंधनाचा विषय याहून गंभीर आहे. कंपनीच्याच अधिकृत आकड्यानुसार ही गाडी १०० किलोमीटरला ११.४ लिटर पेट्रोल घेते, म्हणजे लिटरला पावणेनऊ किलोमीटर. आमचा अनुभव त्याहून निराळा नव्हता, आणि शहरात तर तेवढेही मिळत नाही. याचे कारण पुन्हा तो कप्प्यांचा आकार. पिस्टनच्या माथ्यावरची ज्वलनाची जागा आटोपशीर असते, तर रोटर आणि भिंत यांच्यामधली जागा लांब, चपटी आणि ज्वलन चालू असतानाच पुढे सरकणारी असते. चपट्या जागेत धातूचा पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता भिंतीत मुरते. लांब जागेत ज्वाला मागच्या कोपऱ्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही, म्हणून तिथले मिश्रण न जळताच बाहेर पडते. प्रत्येक रोटरला दोन-दोन स्पार्क प्लग देण्याचे कारणही हेच. आरएक्स-८साठी माझदाने रेनेसिस हे नवे इंजिन बनवले तेव्हा धूर बाहेर जाण्याची भोके घेराच्या भिंतीतून काढून बाजूच्या भिंतींत नेली, जेणेकरून आत येणारे मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर एकमेकांत मिसळू नयेत व न जळलेले इंधन पुढच्या फेरीत वापरले जावे. या सुधारणेला दाद मिळाली आणि २००३ साली रेनेसिसला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताबही लाभला. तरीही प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तेव्हा युरोपातील विक्री २०१० साली थांबवावी लागली आणि २०१२ मध्ये गाडीचे उत्पादनच बंद झाले. नायट्रोजनची घातक ऑक्साइडे या इंजिनातून तुलनेने कमी निघतात, हेही नोंदवले पाहिजे, पण न जळलेल्या हायड्रोकार्बनांनी तो लाभ खाऊन टाकला. लिटरला पावणेनऊची गाडी पणजीत कोणी घेत नाही असे नाही; मोठ्या एसयूव्हींचे मालक याहून फार वेगळे आकडे सांगत नाहीत. फरक इतकाच की त्या बदल्यात त्यांना सात आसने मिळतात.

आता तेल. फोंड्याच्या मेस्त्रीला मी जेव्हा सांगितले की या इंजिनात ऑईल मुद्दाम जाळले जाते, तेव्हा त्याने माझ्याकडे संशयाने पाहिले, कारण त्याच्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात ‘गाडी ऑईल पिते’ याचा अर्थ ‘रिंगा गेल्या’ असाच होत आला आहे. रोटरी इंजिनात मात्र एक छोटा पंप मोजून-मापून तेल ज्वलनाच्या कप्प्यांत सोडत असतो, कारण रोटरच्या टोकांवरील पट्ट्यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने वंगण मिळू शकत नाही. म्हणून दर दुसऱ्या इंधनभरणीला डिपस्टिक काढून पातळी पाहणे आणि डिकीत तेलाचा डबा ठेवणे हा या गाडीच्या मालकीचा भाग आहे. आपल्याकडे दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये बॉनेट उघडून पाहणारे किती जण आहेत, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. पातळी खाली गेल्यावर दुर्लक्ष केले तर इतर गाड्या बराच काळ सहन करतात. ही करत नाही.

टोकांवरच्या या पट्ट्या, ज्यांना एपेक्स सील म्हणतात, हा रोटरी इंजिनाच्या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. दाराच्या खालच्या फटीला लावलेल्या रबरी पट्टीसारखे त्यांचे काम, पण ते हजारो आरपीएमला, पेटत्या वायूच्या तोंडावर करायचे. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल याच्या कल्पनेवरून एनएसयू कंपनीने पहिले इंजिन १९५७ च्या फेब्रुवारीत चालवून दाखवले आणि १९६४ मध्ये एका रोटरची ‘स्पायडर’ ही मोटार बाजारात आणली. त्यानंतर १९६७ साली आलेली ‘आरओ ८०’ ही मोठी सेडान इतकी पुढची होती की तिला युरोपात वर्षातील सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला. पण तिच्या सील लवकर झिजू लागल्या, हमीच्या मुदतीत इंजिनेच्या इंजिने बदलून देण्याची वेळ आली, आणि त्या खर्चाने खचलेली एनएसयू १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. हिरोशिमातील माझदानेही परवाना घेतला होता. तिथे केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा गट बसवण्यात आला. चाचणीच्या इंजिनांत सील थरथरत आणि भिंतीवर ओळीने ओरखडे उमटत; त्या ओरखड्यांना ही मंडळी सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या सील वापरून त्यांनी मार्ग काढला आणि मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ रस्त्यावर आणली. १९७३ च्या तेलसंकटानंतर बाकीच्या कंपन्यांनी एकेक करून हा नाद सोडला. सित्रोएनने तर आपल्या दोन रोटरच्या ‘जीएस बिरोटर’ गाड्या गिऱ्हाइकांकडून परत विकत घेऊन मोडीत काढल्या. माझदा मात्र चिकटून राहिली.

सीलबद्दलचा एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. हे इंजिन मुळातच नाजूक असते तर १९९१ साली फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरांची माझदा ७८७बी पहिली आली नसती. ७०० अश्वशक्तीच्या त्या गाडीने ३६२ प्रदक्षिणा पूर्ण केल्या, आणि ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी मोटार ठरली. पिस्टनशिवाय चालणाऱ्या इंजिनाने ल माँ जिंकल्याचे दुसरे उदाहरण आजवर नाही. एकदा तापून वरच्या आरपीएमवर सतत चालत राहिले की रोटरीला फारसे काही होत नाही: तेल पोहोचत राहते, काजळी जळून जाते, सील भिंतीला नीट टेकून राहतात. त्याचे हाल होतात ते थंड असताना सुरू करून लगेच बंद करण्यात. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त दिले जाते. दोन मिनिटांत किल्ली फिरवून बंद केले तर ते न जळलेले पेट्रोल कप्प्यांत साचते, सीलवरची तेलाची पातळ चादर धुऊन टाकते, दाब तयार होईनासा होतो आणि पुढच्या वेळी स्टार्टर कितीही फिरवला तरी इंजिन पकडत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरवायचा असतो, म्हणजे पेट्रोलचा पुरवठा तात्पुरता बंद होतो आणि साचलेले बाहेर फेकले जाते. तेवढ्याने भागले नाही तर प्लग काढून सुकवावे लागतात.

हे वाचताना गोव्यातील वाहनचालकाच्या डोळ्यांसमोर स्वतःचा दिवस यावा. सकाळी दुसरी गाडी काढण्यासाठी पहिली अंगणातून रस्त्यावर लावायची, पाव आणण्यासाठी बेकरीपर्यंत जायचे आणि यायचे, मुलाला शाळेच्या फाटकावर सोडून परत यायचे. सगळ्यांत वाईट म्हणजे फेरीबोटीची रांग. रायबंदरहून चोडणला जाण्यासाठी थांबलेली गाडी दर काही मिनिटांनी सुरू होते, दहा मीटर सरकते आणि बंद होते. पिस्टनच्या गाडीला याने फारसे काही होत नाही, पण रोटरीला याहून वाईट वागणूक देता येणार नाही. त्यात पावसाळा. या इंजिनाच्या, प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइल आधीच लवकर थकणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. ठिणगी क्षीण झाली की न जळलेले पेट्रोल मागच्या, धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते, आणि तुंबलेल्या कन्व्हर्टरमुळे इंजिन आणखी तापते. उन्हाळ्याचा विचार केला तरी चित्र फारसे सुधारत नाही, कारण एक्झॉस्टमधून बाहेर पडणारी उष्णता पिस्टन इंजिनापेक्षा बरीच जास्त असते आणि तेल थंड करण्यासाठी पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत बसवलेले कूलर लाल मातीने माखले की त्यांचा उपयोग कमी होतो. गावोगावच्या गतिरोधकांवर या ठेंगण्या गाडीचे पोट घासेल, हे वेगळे सांगायला नको.

दुरुस्तीच्या बाबतीत आमच्या मेस्त्रीने विचारलेले प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा नेमके होते. हेड गॅस्केट कुठे आहे, हा पहिला प्रश्न. या इंजिनाला सिलिंडर हेडच नाही, तेव्हा ते गॅस्केटही नाही. पोकळ्या आणि त्यांच्या बाजूच्या जाड चकत्या एकापुढे एक रचून लांब बोल्टांनी आवळलेल्या असतात. हे ऐकून तो खूश झाला, कारण सुटे भाग कमी आणि इंजिन दोघांना उचलता येईल एवढे. दुसरा प्रश्न बोअरिंगचा होता आणि तिथे त्याची खुशी मावळली. पिस्टनचे सिलिंडर झिजले तर लेथवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे, हा आपल्याकडच्या गॅरेजांचा हातखंडा. रोटरीच्या पोकळीला आतून कडक क्रोमचा मुलामा असतो आणि तिचा वक्र ठरलेला असतो. ती खरवडली गेली की बहुधा बदलावीच लागते. तिसरा प्रश्न कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यात तयार होणारा दाब, मोजण्याचा. नेहमीचा गेज प्लगच्या भोकात लावला तर तिन्ही कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्या कप्प्याचा आकडा दाखवून मोकळा होतो आणि एका टोकाची सील मेलेली असली तरी कळत नाही. त्यासाठी तिन्ही कप्प्यांचे आकडे वेगवेगळे दाखवणारे खास उपकरण लागते. हात कसबी असले तरी भाग, उपकरण आणि सवय यांपैकी एकही गोष्ट जवळ नसताना हे काम अंगावर घ्यायला तो तयार होणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. या स्पष्टपणाबद्दल मला त्याच्याविषयी आदरच वाटला.

माझदाने रोटरी इंजिन अलीकडे पुन्हा बाजारात आणले आहे, पण निराळ्या भूमिकेत. २०२३ पासून तयार होऊ लागलेल्या एमएक्स-३० आर-ईव्ही या गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर आहे आणि तो चाके फिरवतच नाही. चाकांना १७० अश्वशक्तीची विजेची मोटर फिरवते, १७.८ किलोवॉट-तासांची बॅटरी ८५ किलोमीटरपर्यंत पुरते असे कंपनी सांगते, आणि बॅटरी उतरली की ७४ अश्वशक्तीचे रोटरी इंजिन जनित्र चालवते. मी ही गाडी चालवलेली नाही, पण रचना म्हणून ती मला पटते. लहान आकार आणि थरथरीचा अभाव हे रोटरीचे दोन्ही गुण इथे उपयोगी पडतात, तर कमी आरपीएमला टॉर्क नसण्याचा दोष अप्रस्तुत होतो, कारण तो पुरवण्याचे काम मोटरकडे गेले आहे. पेट्रोल थेट ज्वलनाच्या कप्प्यात सोडले जाते आणि सीलची जाडी २ मिलिमीटरवरून २.५ मिलिमीटर केली आहे. पणजीहून मडगावला जाऊन परत येणे हे साधारण सत्तर किलोमीटर होते. म्हणजे गोव्यातील बहुतेकांचा दिवस इंजिन सुरू न करताच पार पडेल. कंपनीने जाहीर केलेल्या १०० किलोमीटरला एक लिटर या आकड्याला मात्र कोणी भुलू नये. तो भरलेल्या बॅटरीच्या जोरावर आलेला आहे; बॅटरी संपल्यावर पेट्रोल जाळून वीज, विजेवर मोटर असा द्राविडी प्राणायाम करणारे हे इंजिन आपली जुनी तहान विसरलेले नाही. आणि ज्याच्यासाठी रोटरीचा सगळा अट्टहास, ती नऊ हजारांची चढण इथे अनुभवायला मिळणार नाही.

तरीही परदेशात असलेल्या ज्या गोमंतकीय तरुणांना आरएक्स-८ घ्यायचीच आहे, त्यांना मी अडवणार नाही. रोज लांबचा प्रवास असेल, घरी दुसरी गाडी असेल आणि तेलाची पातळी पाहण्याचा कंटाळा नसेल तर एवढ्या पैशांत एवढा आनंद देणारी दुसरी मोटार शोधणे कठीण आहे. २००८ नंतरची सुधारित आवृत्ती मिळाल्यास ती घ्यावी, कारण तिच्यात सीलला तेल पोहोचवण्याची व्यवस्था सुधारलेली आहे. रंग, सीट आणि संगीतयंत्रणा यांच्याकडे नंतर पाहावे. आधी रोटरीच्या जाणकाराकडून, इंजिन गरम असताना, तिन्ही कप्प्यांची कॉम्प्रेशन चाचणी करून घ्यावी. २५० आरपीएमला ६८० किलोपास्कल ही किमान मर्यादा असून एकाच रोटरच्या कप्प्यांमधला फरक १५० किलोपास्कलपेक्षा जास्त असू नये. ही चाचणी करू न देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलू नये. इंजिन गरम असताना बंद करून लगेच पुन्हा सुरू करून पाहावे, कारण थकलेल्या सील थंडपणी निभावून नेतात आणि गरमपणी उघड्या पडतात. माझ्या भाच्याने हे सगळे करून गाडी घेतली आणि कामावर जाण्यासाठी तो एक साधी जपानी हॅचबॅक वापरतो.

ती गाडी पुढेमागे गोव्याला आणण्याचा विचार मात्र कोणी करू नये. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली मोटार भारतात आयात करता येत नाही, आणि शेवटची आरएक्स-८ कारखान्यातून बाहेर पडली ती २०१२ मध्ये. कार्नेच्या, म्हणजे गाडी परत नेण्याची हमी देणाऱ्या सीमाशुल्काच्या, कागदपत्रांवर मर्यादित मुदतीसाठी परदेशी नोंदणीची गाडी आणता येते, पण मुदत संपताच ती परत न्यावी लागते, आणि तेवढ्यासाठी जहाजाचे भाडे भरण्यापेक्षा स्विंडनचे विमान तिकीट स्वस्त पडते.